छतावरचं सोयाबीन

भर उन्हाळ्यात वैष्णवी माहेरी पाथरीला निघाली, तेव्हा जीपमध्ये चढता चढता एवढंच म्हणाली, "पत्र्याखाली भाकरीवानी भाजून निघाले मी. घर गार झालं की फोन करा."

शहाण्या माणसानं कूलर आणला असता. जीवननं घरच जमिनीत घालायचं ठरवलं. (कूलरला वीज लागते, आणि त्यांच्या गावात वीज पाहुणीसारखी येते, आली की लगेच निघायची घाई.) मोबाइलवर त्यानं तशी घरं पाहिली होती. तीन बाजूंनी माती, डोक्यावर गवत, उन्हाळ्यात गारवा, थंडीत ऊब. शेताच्या कडेला मुरमाचा उतार होताच. तोच त्यानं आडवा कोरायला घेतला.

वडील दिनकरराव बांधावर बसून तंबाखू मळत बघायचे. एक घमेलं उचललं असेल तर शपथ. जोडीला त्यांचे दोस्त तात्याराव. वावर सोडून स्वतः काही करायचं नाही आणि करणाऱ्याला करू द्यायचं नाही, या एका कामात दोघांनी जन्म काढलेला.

"जीवन्या, मेल्यावर मातीतच जायचंय की," तात्याराव म्हणाले. "एवढी घाई कामून करायलास?"

"आत येऊन बघा तरी, तात्या."

"आमाला पत्राच बरा."

(घर झाल्यावर रोज दुपारी हेच दोघं आत येऊन घोरत पडायचे. उठले की म्हणायचे, "ओल मारतीय.")

भिंतीत जीवननं वैष्णवीच्या बांगड्यांसाठी कोनाडा कोरला. खिडकीतून उजेड जिथं पडतो तिथं आरसा टांगला. मग त्या गारव्यात एकटाच पडून राहायचा आणि रिकाम्या आरशाकडे बघायचा. घर गार झालं होतं, पण ती यायची कशी? आखाड लागला होता. सुनेनं आखाडात सासरी यायचं नाही, हे म्हाताऱ्यांनी ठरवलेलं. बायको कुणाची आणि ठरवतंय कोण!

वर लाकडी फळ्यांचं छत करून त्यावर त्यानं हातभर काळी माती टाकली होती आणि तिच्यावर हराळीचं गवत लावणार होता. ते ऐकून दिनकरराव उठूनच उभे राहिले.

"हराळी? जलमभर कंबर मोडून हराळी खांदली आमी, आन् तू लावायलास?"

जीवन कड्या-कोयंडे आणायला जिंतूरला गेला. परत येऊन बघतो तर छतावर सोयाबीन पेरलेलं.

"मोकळी माती बघवत न्हाई," दिनकरराव म्हणाले.

सोयाबीन उगवलं, तरारलं. हिरवं ते हिरवंच, म्हणून जीवननं मनाची समजूत घातली आणि फोटो पाठवला. तिकडून उत्तर आलं, 'लय भारी दिसायलंय. आखाड संपला की येते.'

आणि ती खरंच आली. बाहेर पावसानं उघाड दिलेली, अंगाची चिकचिक. ती दारातून आत शिरली आणि तिनं डोळेच मिटले.

"अगं बाई! माठात बसल्यावानी वाटायलंय."

कोनाड्यात तिनं बांगड्या ठेवल्या. जीवननं चहा केला. दोघं भिंतीला टेकून बसले. कुठंतरी घुंगरं वाजू लागली. जीवनला वाटलं, आपल्या मनातच वाजतायत.

तेवढ्यात वैष्णवीच्या कपात माती पडली. मग ढेकूळ पडलं. मग कडाड् झालं आणि दोघांच्या मधोमध, वरून, बैलाचा एक पाय खाली आला.

दिनकरराव बैलाला कोळपं जुंपून छतावरचं तण काढायला निघाले होते. शेत आणि छत एकाच पातळीत. त्यांच्या लेखी ते एकच वावर. (छत किती भार पेलतं, हा धडा बांधकामाच्या डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होता. जीवननं पहिल्याच वर्षी कॉलेज सोडलेलं.)

"जीवन्या!" वरून हाक आली. "खाली हायस का? तेवढा पाय वर लोट!"

सासऱ्यांचा आवाज ऐकताच वैष्णवीनं सवयीनं डोक्यावर पदर घेतला. "मामा, नमस्कार करते," ती बैलाच्या पायाकडे बघून म्हणाली.

"सुखी ऱ्हा! आलीस व्हय? पाय लोटायला लाव त्याला!"

जीवननं खांदा लावला. बैल सुटला, छताला मात्र भगदाड पडलं.

वैष्णवीनं कोनाड्यातल्या बांगड्या काढून घेतल्या. डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही आवरत नव्हतं. "घर लय आवडलं ओ. ऱ्हावं वाटायलंय. पण वरून कवा काय येईल, नेम न्हाई. छत झालं की फोन करा." आणि ती परत जीपमध्ये बसली.

"अण्णा, आजच भोक बुजवतो," जीवन दात खाऊन वडिलांना म्हणाला.

"खुळा का काय? पीक फुलावर आलंय. आता त्याच्यावर माती टाकायची न्हाई. काढणी होऊ दे."

"बराबर हाय," तात्याराव म्हणाले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

जीवन आत जाऊन पडला. आरसा रिकामा, कोनाडा रिकामा. फोन वाजला.

"पोचले. तितं गार हाय का अजून?"

"लय गार हाय गं."

"इथं लय उकडायलंय," ती म्हणाली. जीवन भगदाडातून आभाळ बघत राहिला.

तेवढ्यात आभाळ झाकलं गेलं. भोकात दिनकररावांचं डोकं आलं.

"रिकामाच पडलास न्हवं? मंग खुरपं घेऊन वर ये. या भोकाच्या कडंला कोळपं जात न्हाई. हराळी माजायलीय."