तीन पाखरं आणि माझं एक मत

मी राजकारणात असतो तर केव्हाच आमदार झालो असतो! निवडणूक कशी जिंकायची, हे मला कुणी शिकवू नये.

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे बबनरावांनी, तिन्ही मुलींना पाखरांची नावं ठेवली: मैना, हंसा आणि कोकिळा. तिघीही गातात, असं म्हणायची घरात पद्धत आहे. यंदा सासऱ्यांनी घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर स्पर्धा काढली. तिघींनी नाताळचं एकेक गाणं रेकॉर्ड करून टाकायचं, बाकीच्यांनी पोलवर मतं द्यायची. जिंकेल तिनं नाताळच्या आदल्या रात्री चर्चमध्ये पहिलं कडवं एकटीनं म्हणायचं. अगदी खेळीमेळीची स्पर्धा! तिघींनी एकमेकींना फोन करणं बंद केलं, एवढंच.

हा मान दरवर्षी वणीच्या मैनाबाईचा. कोकिळा म्हणजे आमची ही. धाकटी, म्हणून कायम मागच्या ओळीत.

"यंदा मले म्हणाचंच हाय," ती म्हणाली. डोळ्यांत पाणी होतं हो!

"तू फक्त गा. बाकी माझ्यावर सोड!"

मैनाबाईच्या गाण्यात मधेच कोळशाचा ट्रक हॉर्न देतो. हंसाबाईच्या गाण्यात बकरी ओरडते. आमच्या गाण्यात कुकरची शिट्टी आहे. पण ती सुरात आहे.

मी ग्रुपचा अ‍ॅडमिन. ज्यांच्यासाठी पोल त्यांनी, म्हणजे गाणाऱ्यांनी, स्वतः मत द्यायचं नाही, असा कडक नियम केला. मग नेरच्या कापूस बाजारातला माझा मित्र डोंगरसिंग आणि त्याची सगळी मंडळी गुपचूप ग्रुपात घेतली.

"वहिनीले मत द्यायचं बरं!"

"फिकर नका करू भाऊ!"

विजय पक्का! आता जरा मोठेपणाही मिरवावा, म्हणून माझं स्वतःचं मत मी मैनाबाईला दिलं. अ‍ॅडमिन निःपक्षपाती दिसायला नको का?

निकाल लागला. मैनाबाई एका मतानं विजयी!

मी डोंगरसिंगला फोन लावला. "अरे, वहिनीले मत देल्लं ना?"

"देल्लं ना भाऊ! मैनाबाईले देल्लं, हंसाबाईलेबी देल्लं. सख्ख्या बहिणी हायेत. एकीले देऊन दोघीचं मन कायले दुखवा?"

पाहतो तर सासऱ्यांपासून सगळ्यांनीच हा चांगुलपणा केलेला. तिन्ही गाण्यांवर टिक! फक्त एकीलाच मत देणारा अख्ख्या ग्रुपात मी एकटा. आणि पोलमध्ये कुणी कुणाला मत दिलं ते नावानिशी दिसतं, हे निवडणूकतज्ज्ञाला ठाऊक नव्हतं.

कोकिळेनं फोन माझ्या नाकासमोर धरला. "हे तुमचंच नाव हाय ना?"

"अवं, ते मोठेपणा म्हणून..."

"बाकीच्यायचं जाऊ द्या. मले घरातलं एक मत पायजे होतं."

फार वाईट वाटलं. चर्चमध्ये मैनाबाईनं कडवं म्हटलं आणि सगळ्यांदेखत माझे आभार मानले, तेव्हा तर बाकाखाली शिरावंसं वाटलं.

नाताळच्या सकाळी कोकिळेनं ग्रुपवर नवा पोल टाकला: 'यांना आज जेवायला काय द्यावं? मटण, पुरणपोळी, काही नाही.'

डोंगरसिंगच्या मंडळींनी कुणाचंही मन न दुखवता तिन्हींवर टिक केलं. सासऱ्यांनीही केलं. मला मत देता येईना. ज्याच्यासाठी पोल त्यानं मत द्यायचं नाही, हा नियम माझाच!

'काही नाही' घरातल्या एका मतानं निवडून आलं.