पाठवणीच्या चालीवर

माझ्या शेजाऱ्यानं माझ्या ऑफिसविरुद्ध किती गाणी रचली असतील ते त्यालाच ठाऊक. पण त्यातलं प्रत्येक गाणं मोर्च्याच्या आधी मला ऐकावं लागलं. सकाळी गालाला दाढीचा साबण लावला रे लावला की बाळारामदादा दारात उभे. "भाऊसाहेब, चाल बसली का सांगा," असं म्हणून, मी हो-नाही करायच्या आत, माझ्याच ऑफिसची अब्रू माझ्याच ओटीवर काढायचे. एकदा तर त्यांनी विचारलं की तुमच्या साहेबांचं आडनाव चालीत मावत नाही, दुसरे कोणी साहेब बदलून येणार आहेत का?

मी पेणला बांधबंदिस्तीच्या सरकारी ऑफिसात कारकून. खाडीचं पाणी भातशेतीत शिरू नये म्हणून जे मातीचे बांध असतात, त्यांच्या डागडुजीचे कागद आमच्याकडे येतात आणि, दादांच्या मते, आमच्याकडेच मुक्काम करतात. दादा खाडीकाठच्या गावचे. रोह्याला एका कंपनीत नोकरी करून निवृत्त झालेले. बायकोला, यमुनाबायला, लकवा झाला, उजवा हात आणि वाचा दोन्ही गेली, म्हणून दवाखाना जवळ पडावा यासाठी त्यांनी आमच्या भिंतीला भिंत लागून असलेली खोली घेतली. यमुनाबाय दिवसभर खिडकीशी बसून असायच्या. पाणी हवं असलं तरी बोटानं दाखवायच्या. एके काळी त्या गावच्या धवलारीण होत्या, म्हणजे लग्नात हळदीपासून पाठवणीपर्यंतची गाणी म्हणणाऱ्या बाई. त्या आल्याशिवाय आसपासच्या गावांत लग्न लागत नसे, असं दादा सांगायचे.

मोर्च्याच्या गाण्यांचं वेड मात्र दादांचं स्वतःचं. कंपनीच्या गेटवर त्यांनी कँटीनच्या पातळ डाळीवर इतकं लांबलचक गाणं म्हटलं होतं की दुसऱ्या शिफ्टची माणसं आत जायची विसरली आणि डाळीचा विषय राहून भलतंच, संपाचं, प्रकरण झालं. जिते स्टेशनात गाडी जास्त वेळ थांबावी म्हणून एक गाणं केलं, तर ते म्हणता म्हणता गाडी निघून गेली, गाणारे फलाटावर. हमरापूरला ऐन हंगामात वीज जायची, तेव्हा तिथल्या मूर्तींच्या कारखान्यात जाऊन गाणं शिकवलं. कारागीर गणपतीचे डोळे आखायचं सोडून ताल धरून बसले. शेवटी मालकानंच हात जोडले.

मी त्यांना किती वेळा सांगितलं की बाबा रे, मोर्च्यात घोषणा द्याव्यात, सुटसुटीत असतात. त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं. घोषणा ऐकून साहेब खिडकी लावून घेतो आणि गाणं ऐकून उघडतो. या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

त्या वर्षी त्यांच्या गावच्या बांधाला खांड पडली, चांगलं बैलगाडी जाईल एवढं भगदाड. येत्या पुनवेच्या उधाणाआधी ते बुजलं नाही तर सगळी खाचरं खाऱ्या पाण्याखाली जाणार, आणि एकदा खारं पाणी मुरलं की पुढची काही वर्षं भाताचं नाव काढायला नको. गावानं पेंढा-माती टाकून पाहिली. भरती आली की सगळं वाहून जाई. कागद आमच्या ऑफिसात होता. माझ्या टेबलावरून तो केव्हाच पुढे गेला, हे मी दादांना शपथेवर सांगितलं. त्यांनी तेसुद्धा गाण्यात घातलं.

*बांध फुटला गो बाय, खारा पानी शेतान,*
*कागुद फिरतंय हापिसान, या हातानशी त्या हातान.*

मग रोज संध्याकाळी गावच्या बायका बाजार आटोपला की रिकाम्या पाट्या घेऊन त्यांच्या खोलीत तालमीला जमू लागल्या. भिंतीच्या पलीकडे गाणं आणि अलीकडे माझी बायको. तुमच्याच पगारावर उठलेत आणि तुम्ही ऐकत बसलाय, हे ती मला रोज ऐकवी. त्या बायकांत एक आवाज सगळ्यांच्या वर जायचा, असा खणखणीत की आमच्या मांडणीतली भांडी वाजत. ती कोण बया आहे ते एकदा मला बघायचंच होतं.

मोर्च्याच्या दिवशी मी रजा मागितली, साहेबांनी दिली नाही. दादांना चाली येत होत्या त्या घरात ऐकलेल्या, म्हणजे सगळ्या लग्नातल्या, आणि या गाण्याला त्यांनी लावली होती नेमकी पाठवणीची चाल. त्या चालीवर त्या बायकांनी आपापल्या लेकी सासरी धाडलेल्या. मोर्चा ऑफिसच्या खिडकीखाली येऊन गाऊ लागला, आणि दुसऱ्या कडव्याला पुढच्या बाईनं डोळ्याला पदर लावला. तिसऱ्याला अख्खा मोर्चा हुंदके देऊ लागला. दादा हातवारे करून त्यांना, रडू नका, चिडा, असं सुचवत होते, पण कोणी बघेल तर ना. वर आमच्या साहेबांचा चेहरा पांढरा पडला. कोण गेलं, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही साहेब, चालच तशी आहे. त्यांना ते पटेना. बांधावर माणूस बुडालंय आणि हा कारकून लपवतोय, अशी त्यांची खात्रीच झाली. त्याच दुपारी जीप काढून ते खांडीवर गेले, चिखलात एक बूट घालवून आले आणि दुसऱ्या दिवशी आदेशावर सही केली. बांधाचं काम उधाणाआधी होणार होतं.

ती बातमी घेऊन मी संध्याकाळी शेजारी गेलो. मला दुप्पट आनंद झाला होता, कारण बांध होणार होता आणि तालीम बंद होणार होती. आत पुढच्या मोर्च्याची तयारी चालली होती. बायकांच्या मधोमध यमुनाबाय बसल्या होत्या. डोळे मिटलेले, डावा हात मांडीवर ताल देतोय, आणि तो खणखणीत आवाज त्यांचा होता. शब्द न् शब्द स्वच्छ. जिला घोटभर पाणी मागता येत नव्हतं ती बाई माझ्या ऑफिसच्या कागदाबद्दल एकही अक्षर न अडखळता गात होती. गाणं संपलं, त्यांनी मला पाहिलं, तोंड उघडलं, आणि शब्द काही फुटेना. मग चटईकडे बोट दाखवून मला बसायला सांगितलं.

मी आदेश निघाल्याचं सांगितलं. बायकांनी मला दुवा दिला, पाट्या उचलल्या, आता उद्यापासून लवकरच्या एसटीनं घर गाठायचं म्हणाल्या. दादा माझ्याबरोबर ओटीवर आले.

"लय बरा झाला, भाऊसाहेब," ते म्हणाले. "गाव वाचला." मग त्यांनी दारातून आत यमुनाबायकडे पाहिलं. "डॉक्टरनं हात टेकलं होतं. पन पयल्याच तालमीला तिचा तोंड उघडला. मी एकटा गायलू तं नाय गात ती. बायका जमल्या तरच गाते. आता बायकांना काय सांगून बोलवू?"

या माणसावर चिडून चिडून मी दोन वर्षं काढली होती, आणि आता त्याच्याकडे बघवत नव्हतं.

"दादा," मी म्हटलं, "तुमच्या गावच्या उघाडीचं दार कुजलंय. भरतीचं पाणी अडवणारं ते लाकडी दार. त्याचाही कागद आमच्याकडे पडून आहे."

"कोनाच्या टेबलावर?"

"माझ्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उपरण्यानं डोळे पुसले आणि रस्त्याला लागलेल्या बायकांना हाक मारली.

"थांबा गो, उद्याला यायचाय."