खोट्याचे पारखी

भास्करकाकांसमोर कोणी 'बोगस' हा शब्द उच्चारला, की ते पायातल्या चपला काढतात. मारायला नाही. चपला बाजूला ठेवतात, जिथे असतील तिथे मांडी घालून बसतात आणि त्या माणसाला समजावायला घेतात. मग ते बसस्टँड असो, किराणा दुकानाची पायरी असो, की कोणाच्या तेरवीचा मांडव. आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यात तर या शब्दावाचून कोणाचा दिवस जात नाही. बियाणं बोगस, डॉक्टर बोगस, रेशनकार्ड बोगस. पुढाऱ्यांचं विचारूच नका. त्यामुळे काका दिवसातून बराच वेळ खाली बसलेले असतात.

"बोगस म्हंजे पोतं झालं रे प्रकाश," ते मला सांगतात. "काहीबी कोंबून राह्यले त्याच्यात. इंग्रजीत खोट्याले ढीगभर शब्द हायेत. एकेकाचं काम अलग. अन् आपुन एकच धरून बसलो."

आमचं गाव दिग्रस आणि पुसदच्या मधे, रस्त्याला लागून. मी इथल्या शाळेत क्लार्क आहे आणि काकांचं घर आमच्याच ओळीत, चार घरं सोडून. काकांनी सारी नोकरी पुसदला एका वकिलाकडे केली. इंग्रजी स्टेनो. शॉर्टहँड घ्यायचं आणि टाइप करायचं. तरुणपणी एकदा वकीलसाहेबांनी 'फॉल्स' सांगितलं आणि काकांनी 'फोर्ज्ड' टाइप केलं. एक म्हणजे नुसतं खोटं, दुसरं म्हणजे मुद्दाम बनवून सही ठोकलेलं. त्या एका शब्दापायी एका गरीब माणसाला चार महिने जास्तीच्या तारखांवर यावं लागलं. तो काकांना कधी काही बोलला नाही, उलट दर तारखेला हात जोडून नमस्कार करायचा. "थो नमस्कार मले अजून डसते," काका म्हणतात. तेव्हापासून त्यांनी एक वही केली. खोट्याचा शब्द दिसला, की वहीत. त्याचा अर्थ, आणि तो गावातल्या कोणाला लागू पडतो, तेही.

त्यांचे दात नकली आहेत. एकदा माझ्या मुलीने तसं म्हटलं, तर काकांनी कवळी काढून तिच्यासमोर धरली. "हे फॉल्स दात हायेत बाई, फेक नाई. फेक दात फसवतात. फॉल्स दात चावतात." मुलगी आठ दिवस जेवताना त्यांच्याकडे बघत नव्हती.

पलीकडच्या गल्लीतला दिनकर एकदा तक्रार करत आला. भाजीच्या वाफ्यात वांग्याचं बी टाकलं होतं आणि टमाटर आलं. "बोगस बी दिलं काका." काकांच्या चपला निघाल्या. "उगवलं ना? मंग बोगस कसं? हे स्पुरिअस झालं. सांगितलं एक, निघालं दुसरं."

"मंग मी काय करू?"

"टमाटराची चटनी कर. पन शब्द बरोबर वापर."

दिनकर चटणी घेऊन आला तेव्हा काकांनी ती खाल्ली आणि 'जेन्युइन' असा शेरा दिला.

लोक हसतात त्यांना. मीही हसायचो. पण मागच्या हिवाळ्यात जे झालं, तेव्हापासून काका आमच्या ओळीत राहतात हे मी पाहुण्यांना आपणहून सांगतो.

दरवर्षी सोयाबीन निघाल्यावर आमच्याकडे किसन बहुरूपी येतो. पन्नाशीचा काटकुळा माणूस. कधी पोस्टमन, कधी डॉक्टर, पण त्याचं खरं सोंग पोलिसाचं. खाकी कपडे, शिट्टी, हातात वेताची छडी. दुकानासमोर उभा राहून दरडावतो, "तुझ्यावर वॉरंट हाये. काल दिवसभरात तू एकदाबी हासला नाई, असा रिपोर्ट हाये." सारे हसतात, कोणी धान्य देतं, कोणी चहा पाजतं. गावात त्याला लहान पोरसुद्धा ओळखतं.

पण चौकात मोबाइलचं दुकान टाकलेला माणूस नवा होता, बाहेरून आलेला. किसनने त्याच्यावर वॉरंट काढलं, तसा तो मागच्या दाराने पळाला आणि नालीत पडला. गुडघे फुटले. त्याहून जास्त म्हणजे, सारा चौक हसला. तो तसाच चिखलाने भरलेला पोलीस चौकीत गेला आणि शिपायाने किसनला तिथे आणून बसवलं.

ही बातमी मी काकांना सांगितली. त्यांनी शर्ट घातला, वही घेतली आणि मला म्हणाले, "चाल."

चौकीत जमादार कागद पुढे घेऊन बसले होते. माणूस समजूतदार होता, पण अडचणीत पडला होता. "पोलिसाचा ड्रेस घालून धमकावलं म्हंते हा. लिहून तं घ्या लागते ना काका."

"सरळ लिहा साहेब," दुकानदार म्हणाला. "बोगस पोलीस."

काकांनी चपला काढल्या आणि चौकीच्या फरशीवर बसले. जमादार उठून उभे राहिले. उठा म्हणून त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"बोगस नाई," काका म्हणाले. "तुमाले म्हनाचं हाये इम्पोस्टर. आपल्या भाषेत तोतया. आता तोतया म्हंजे काय ते पाहा. लोकाईनं आपल्याले खरं समजावं, हे तोतयाले पायजे. खरं समजले तं त्याचा फायदा, ओळखलं तं तो मेला. बरोबर?"

"बरोबर," जमादार म्हणाले.

"अन् या किसनाचं? लोकाईनं याले खरा पोलीस समजलं, तं याले कोनी पायलीभर ज्वारी देनार नाई. याले ओळखलं, लोकं हासले, तरच याचं पोट भरते. म्हंजे हा तोतयाच्या एकदम उलटा झाला. याले मेक-बिलीव्ह म्हंतात. करनारा अन् पाहनारा, दोघाईनं मिळून खेळाचं खोटं. तुमच्या या भाऊले खेळ माहीत नव्हता. चूक त्याचीबी नाई."

कोपऱ्यात बसलेला किसन पुढे सरकला. "साहेब, आत टाका मले, काही म्हन्नं नाई. पन तोतया नका लिहू. माह्या आज्यानं राजाचं सोंग केलं, बापानं वाघाचं केलं. आमी असली बहुरूपी हाओत." मग त्याने आपला उजवा खांदा जमादारांपुढे केला. तिथे पत्र्याचा तारा होता. डावा खांदा केला. तिथे सोड्याच्या बाटलीचं झाकण शिवलेलं होतं. "आज्या सांगे, सोंगात एक खोट मुद्दाम ठेवाची. पाहनाऱ्याले सुटाले जागा पायजे."

जमादारांनी वाकून झाकण पाहिलं. मग छातीवरची नावाची पट्टी वाचली. 'ह. स. हसवे' असं लिहिलेलं होतं. त्यांनी ते तोंडातल्या तोंडात दोनदा म्हटलं आणि अर्थ लागल्यावर तोंडावर हात धरला. दुकानदारही उठून पट्टी बघायला आला. "हे मी पाहिलंच नव्हतं," तो म्हणाला, आणि थोड्या वेळाने, "झाकण लेमनचं आहे." त्यानंतर त्याला जे हसू सुटलं, ते थांबेना. तक्रार नको म्हणाला.

पण काका उठेनात. कागदावर काही लिहिलं गेलं पाहिजे, हा त्यांचा हट्ट. शेवटी जमादारांनी लिहिलं, 'सदर इसम तोतया नसून बहुरूपी आहे.' काकांनी ते वाचून 'नसून'खाली रेघ मारायला लावली. किसनने त्याची झेरॉक्स मागितली आणि ती छातीच्या खिशात, हसवे साहेबांच्या पट्टीमागे ठेवली. बाहेर पडताना तो सरळ ताठ चालत होता.

चौकीबाहेर आल्यावर काकांनी त्याला विचारलं, "माह्या घरी येतं काय? एक काम हाये." मलाही ये म्हणाले.

घराच्या फाटकाशी काका थांबले. दार लोटलेलं होतं. आत सुमनकाकू असतात. काकूंचे गुडघे दुखतात, म्हणून त्या बाहेर येत नाहीत, असं काकांनी दोन वर्षांपासून सगळ्यांना सांगितलेलं. मी दिवसभर शाळेत, मला तेच खरं वाटायचं.

"तिले आता मी ओळखू येत नाई," काका हळू आवाजात म्हणाले. ते माझ्याकडे नाही, किसनकडे बघत होते. "घरात परका माणूस शिरला म्हंते. मी ताट नेलं तं जेवत नाई, खोलीचं दार लावून घेते. पन तिचा भाऊ तिले आठवते. मुकुटबनचा विष्णू. त्याले जाऊन सहा वर्षं झाले. मी त्याच्यासारखी टोपी घालून समोरच्या दारानं आत जातो. कधी फसते, कधी नाई फसत. काल तिनं टोपी ओढून फेकून देली. कालपासून उपाशी हाये." मग वही काखेत मारून म्हणाले, "मले जमून नाई राह्यलं किसन. शिकव."

मला कुठे बघावं ते कळेना. किसनने मात्र दवाखान्यातल्या डॉक्टरसारखे प्रश्न विचारायला सुरुवात केली. भाऊ चालायचा कसा? खांद्यावर काय असायचं? चप्पल कुठे काढायचा?

"घरात आल्यावर पयला शब्द काय बोले?"

काकांनी आठवून सांगितलं, "'सुमे, पानी दे.'"

"अन् तुमी काय बोलता?"

"मी... तब्येत कशी हाये, इचारतो."

"तिथंच चुकते साहेब," किसन म्हणाला. "तब्येत नवरा इचारते. भाऊ पानी मांगते."

त्याने काकांना फाटकापासून ओट्यापर्यंत तीनदा चालवलं. "टोपी नको, चेहरा झाकू नका, आवाज मोठा काढा," म्हणाला. आपल्या झोळीतलं उपरणं त्यांच्या खांद्यावर टाकलं. काकांनी चपला ओट्याखाली सारल्या आणि दार ढकलून आत गेले.

"सुमे, पानी दे वं."

आत भांडं वाजलं. माठावरची ताटली सरकली.

"आला काय रे दादा?" काकूंचा आवाज दोन वर्षांनी ऐकत होतो मी. "किती उशीर. एष्टी नाई भेटली काय? बस, भाकर टाकतो."

किसनने डोक्यावरची पोलिसाची टोपी काढून हातात घेतली. आम्ही दोघे ओट्यावर बसलो. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत होता आणि काकू भावाला माहेरच्या विहिरीचं काही विचारत होत्या. काका माहीत नसलेल्या माणसांची ख्यालीखुशाली न अडखळता सांगत होते.

बऱ्याच वेळाने ते बाहेर आले. मिशीला पिठलं लागलेलं होतं.

"दोन भाकरी खाल्ल्या तिनं," ते म्हणाले. त्यांची छाती पुढे आली होती. "माह्या संगं, एकाच ताटात."

किसन उठला, टोपी डोक्यावर घातली आणि टाचा जुळवून त्यांना कडक सॅल्यूट ठोकला. काकांनी खांद्यावरचं उपरणं नीट केलं, आणि तो सॅल्यूट घेतला.