शेवटी येईल त्याची फळी

"हे नको," म्हणत योनासने नकाशावरच्या आणखी एका तळ्यावर लाल फुली मारली. "इथे काठावर घर आहे."

"एकच तर आहे," रीक्का म्हणाली. तिच्या हातात लेकीचा एक पायमोजा होता. दुसरा ती सकाळपासून शोधत होती.

"गेल्या वर्षीही एकच होतं."

गेल्या उन्हाळ्यात मासेमारीसाठी त्यांनी दक्षिणेतल्या एका तळ्याकाठी आठवडाभर घर भाड्याने घेतलं होतं. तिसऱ्या दिवशी होडीत, वल्ह्याखाली, चिठ्ठी सापडली. 'तुमच्या मुलीचा आवाज छान आहे. पलीकडच्या काठावरही ऐकू येतो.' बस, एवढंच. फिनलंडमध्ये याहून कडक भाषा कोर्टातसुद्धा वापरत नाहीत. उरलेले चार दिवस योनास होडीत मान खाली घालून बसला आणि चार वर्षांची व्हिएनो कुजबुजत राहिली. भूक लागली तरी कुजबुजून, गुडघा फुटला तरी कुजबुजून. ते कुजबुजून रडणं रीक्काच्या मनातून वर्षभर गेलं नव्हतं.

व्हिएनो या नावाचा अर्थ सौम्य. पण नाव आधी ठेवलं होतं, आवाज नंतर कळला.

म्हणून यंदा रीक्काची अट एकच होती. "मासे मिळोत, न मिळोत. माझ्या पोरीला कुणी 'शूः' करणार नाही, असं तळं शोध."

जूनमध्ये एके दिवशी योनास स्वयंपाकघरात धावतच आला. "सापडलं! कालातोन! नावाचा अर्थच 'बिनमाशांचं'. पार वर, लॅपलंडात. काठावर रानातली, कुणीही येऊन राहावं अशी मोकळी झोपडी आहे. येणाऱ्यांनी नोंद करायच्या तिथल्या वहीत लोकांनी जे लिहिलंय ते एकाने इंटरनेटवर उतरवून ठेवलंय, ऐक. 'एकही मासा नाही.' 'डासांनी फाडून खाल्लं.' 'बूट चिखलात रुतला, तिथेच सोडून आलो.' नऊ वर्षांत अकरा माणसं, रीक्का! आणि अकराच्या अकरा दुःखी!"

इतका आनंदी तो स्वतःच्या लग्नातही दिसला नव्हता.

जुलैत ते निघाले. बस जिथे संपली तिथून सात किलोमीटर पायी. त्यातले चार व्हिएनो बापाच्या खांद्यावर बसून, थेट त्याच्या कानात गात होती. मग बर्चच्या झाडांमधून तळं दिसलं, त्याच्या पलीकडे एक डोंगर. ना होडी, ना माणूस. काठावर करड्या लाकडाची झोपडी, आत झोपायला तीन फळ्या आणि एक चूल.

"आई, ओरडू?"

"ओरड, राणी. हवं तेवढं ओरड."

व्हिएनोने छाती भरून श्वास घेतला, तोच झाडीतून एक माणूस बाहेर आला.

सत्तरीचा, पाठीवर पिशवी, हातात गळ. योनासचा हात आपोआप लेकीच्या तोंडावर गेला. भरलेला श्वास तसाच वाया गेला.

"कालेर्वो," म्हाताऱ्याने नाव सांगितलं. मग पिशवी खाली ठेवून म्हणाला, "इथे मासे नाहीत."

"माहीत आहे," योनास म्हणाला. "म्हणूनच आलो."

कालेर्वो बघतच राहिला. असंही कुणी असू शकतं, हे नऊ वर्षांत त्याच्या डोक्यात आलं नव्हतं.

रानातल्या या झोपड्यांना कुलूप नसतं, नियम मात्र असतो. शेवटी येईल त्याचा हक्क पहिला. आधी आलेले एव्हाना विसावलेले असतात, जागा नसेल तर त्यांनी उठायचं. आणि योनास कर खात्यात नोकरीला होता. नियम म्हटला की त्याचा कणा ताठ होई.

"फळ्या तीन, माणसं चार. तुम्ही शेवटी आलात. आम्ही बाहेर तंबू लावतो."

"लेकराला घेऊन? छे. मी आलोच नाही."

"आलात. मी बघितलं."

"नुसता डोकावलो. हा निघालोच." आणि कालेर्वोने तीस पावलांवर जाऊन आपला तंबू ठोकला.

तेव्हा योनासनेही पिशवीतून तंबू काढला.

"योनास, झोपडी रिकामी आहे," रीक्का म्हणाली.

"झोपडी त्यांची आहे."

"पण ते त्यात नाहीत!"

"तो त्यांचा प्रश्न."

अर्ध्या तासात पाऊस कोसळला. मधोमध कोरडी ठणठणीत झोपडी, तिच्या दोन बाजूंना गळणारे दोन तंबू, आणि दोन्हींत डास.

"कालेर्वो, आत जा हो. पाऊस आहे."

"हा कसला पाऊस," कालेर्वो म्हणाला. त्याच्या टोपीवरून पागोळ्या गळत होत्या.

रीक्काचा धीर सुटला. "व्हिएनो, त्या मोठ्या दगडाला शिवून परत ये बघू."

व्हिएनो पळत गेली, शिवून आली आणि झोपडीचं उघडंच दार वाजवून कुजबुजली, "मी आत्ताच आले."

कालेर्वोने विचार केला. "आली खरी. हक्क तिचा."

"फक्त तिचा," योनास म्हणाला. "आमचा नाही."

रीक्का मुकाट्याने दगडाला शिवून आली. मग योनास. मग भिजायचं काही शिल्लक नसलेला कालेर्वोही.

"म्हणजे आता पुन्हा शेवटचे तुम्हीच," असं म्हणून योनासने पिशवी उचलली.

"योनास, ठेव ती खाली!"

शेवटी चौघांनी एकदमच दगडाला हात लावला, एकदमच निघाले आणि एकदमच दारात पोचले. दार एका माणसापुरतं होतं. योनास आणि कालेर्वो चौकटीत असे अडकले की रीक्काला मागून खांदा लावावा लागला. ढिगाऱ्यासारखे सगळे आत पडले. व्हिएनो खदखदून हसली, आणि लगेच तिने स्वतःच स्वतःचं तोंड दाबलं.

रीक्काने तिचा हात हळूच बाजूला केला. कालेर्वोने ते पाहिलं.

चूल पेटली, कॉफी उकळली, राय धान्याचा काळा पाव निघाला. योनास वही चाळत होता. चाळता चाळता थांबला. "नावं अकरा आहेत. अक्षर एकाचंच."

कालेर्वोने चुलीत एक लाकूड सरकवलं. "मासे फार आहेत इथे," तो पडेल आवाजात म्हणाला. "बूट मात्र खरंच गेला."

सकाळी रीक्का आपली आपण जागी झाली. पाच वर्षांत पहिल्यांदाच तिला कुणी उठवलं नव्हतं. ऊन फळीवर आलं होतं, सगळीकडे शांत होतं, आणि त्या शांततेनेच ती दचकली. शेजारी व्हिएनो नव्हती. रीक्का अनवाणीच धावली.

काठावर दोन पाठी होत्या, एक रुंद, एक इवलीशी. दोन गळ पाण्यात. व्हिएनो कालेर्वो आजोबांच्या कानाशी लागून काहीतरी कुजबुजत होती.

"त्रास देतेय का तुम्हांला?" रीक्काने विचारलं.

कालेर्वोने मान वळवली नाही. "पोरी, काल तुझ्या बापाने तोंडात कोंडलं होतं ना, ते काढ बघू बाहेर."

व्हिएनोने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली.

"हूऽऽऽऽ!"

आणि पलीकडचा डोंगर म्हणाला, "हूऽऽऽऽ!"

कालेर्वोच्या मांडीवर कॉफी सांडली. "हे काय?"

"डोंगर बोलला, आजोबा."

"नऊ वर्षं येतोय मी. हे इथे होतं?"

"तुम्ही कधी हाक नाही मारली?"

"कुणाला मारू?" कालेर्वो म्हणाला.

मग तो उठला, टोपी काढली, घसा साफ केला आणि बँकेत सांगावं तसं म्हणाला, "कालेर्वो." डोंगर गप्प.

"असं नाही हो! पोटातून!" व्हिएनो म्हणाली.

"कालेर्वोऽऽऽ!"

डोंगराने त्याला नावाने हाक मारली. म्हातारा कानांपर्यंत लाल झाला आणि पुन्हा ओरडला. पुन्हा. आणखी मोठ्याने. अस्वल आलं समजून योनास चड्डीवरच पळत आला. त्यालाही सगळा प्रकार सांगावा लागला. "तुम्ही मारून बघा एक," कालेर्वो म्हणाला. योनासने आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. मग डोळे मिटून त्याने स्वतःचं नाव असं काही ओरडायला सुरुवात केली, की रीक्काला हसू आवरेना, आणि हसता हसता तीही ओरडू लागली. तीन मोठी माणसं नुसता गलका करत होती.

"शूः!"

व्हिएनोचं बोट ओठांवर होतं, डोळे पाण्यावर. "गप्प बसा ना सगळे! माझ्या गळाला मासा लागलाय."

तिघंही चिडीचूप झाले. पलीकडून डोंगर तेवढा एकदा "योनाऽऽस" म्हणाला, आणि मग तोही गप्प झाला.