मुकादमांच्या डोक्यावरचा हेर

मुकादमांना फसवणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, असं मुकादम स्वतःच सगळ्यांना सांगत. त्यामुळे साइटवर नवी स्मार्ट हेल्मेट आली, तेव्हा बाकीच्यांनी ती मुकाट डोक्यावर चढवली आणि मुकादमांनी मात्र आपलं आधी उलटं करून हुंगलं.

हेल्मेट आणणारा इंजिनीअर म्हणजे त्यांचाच जावई. संशयाला तेवढं पुरे होतं.

"मामा, आत सेन्सर आहे. कोण कुठे आहे ते ऑफिसातल्या पडद्यावर दिसतं. कुणी पडलं तर भोंगा वाजतो. परदेशात तर कितीतरी ठिकाणी हेच वापरतात."

"आणि कुणी हललंच नाही तर?"

"तेही दिसतं," जावई हसून म्हणाला.

ते हसणं मुकादमांच्या मनातून जाईना. दुपारी जेवण झालं की सिमेंटच्या गोदामात, पोत्यांच्या आडोशाला, ते अंमळ आडवे होत. हे फक्त बायकोला माहीत होतं. बायकोला माहीत म्हणजे मुलीला, आणि मुलीला माहीत म्हणजे जावयाला. मालक तरुण मुकादम शोधताहेत अशी कुजबुज होतीच. नोकरी जाणार आणि तीही जावयाच्या हातून, या विचाराने रात्री घरी त्यांनी ताट बाजूला सारलं.

"अहो, तो साधा आहे," बायको म्हणाली.

"साधे दिसणारेच आतल्या गाठीचे असतात," मुकादमांनी निकाल दिला.

दुसऱ्या दिवशी जेवण होताच त्यांनी हेल्मेट माल चढवणाऱ्या लिफ्टच्या कठड्याला अडकवलं. लिफ्ट खालीवर करणार, म्हणजे पडद्यावर मुकादमही करणार. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन ते गोदामात गेले आणि पोत्याला पाठ टेकताच घोरू लागले.

जाग आली ती भोंग्याने. बाहेर येऊन पाहतात तो, शेजारच्या नव्या इमारतीच्या पायाच्या खड्ड्यात जेवणाआधीच ओतलेलं ओलं काँक्रीट माणसं फावड्यांनी उपसताहेत. मुकादमांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"कुणी सांगितलं रे उकरायला?"

"मुकादम आत आहेत," एक गवंडी मान वर न करता म्हणाला.

"कुठले मुकादम?"

"आपले. सातव्या मजल्यावरून पडले."

तेवढ्यात फावड्याला हेल्मेट लागलं. त्यात डोकं नव्हतं. गुडघ्यापर्यंत काँक्रीटने माखलेला जावई खड्ड्यात उभा राहून रडत होता. मुकादम दिसताच त्याने वर येऊन त्यांना मिठीच मारली.

"मामा, घरी जाऊन काय सांगणार होतो मी?"

मुकादमांना भरून आलं. या पोराबद्दल आपण काय काय मनात आणलं, याची त्यांना लाज वाटली. लाज वाटून होते न होते तोच मालक आले.

"हेल्मेट पडलं तेव्हा तुम्ही कुठे होता?"

"जिन्यात," मुकादमांनी ठोकून दिलं. "वरून वाकून बघत होतो, निसटलं."

मालकांनी हातातल्या टॅबलेटवर बोट फिरवलं. "जेवल्यापासून इतक्या वेळा वरखाली? जिन्याने? या वयात?"

जावयाने डोळे पुसले. टॅबलेटवरचा मुकादमांचा वेग त्याने नीट निरखला. मग मुकादमांच्या पाठीवरचं सिमेंटही निरखलं.

"साहेब," तो म्हणाला, "भोंगा वाजलाय, म्हणजे तपासणी होईपर्यंत लिफ्ट बंद ठेवावी लागेल. वरच्या मजल्यांची देखरेख मामांकडेच द्या. जिन्याची त्यांना सवय आहे."

नोकरी राहिली. जावई हे भोळेपणाने म्हणाला की कसं, ते मुकादमांना अजून ठरवता आलेलं नाही. जिन्यात घटकाभर बसून विचार करावा, तर तेही पडद्यावर दिसतं.