एकांत, तैलरंगात

खडकाळ समुद्र रंगवावा तर मी. अख्ख्या गिप्सलँडच्या किनाऱ्यावर माझ्यासारखा लाटेचा फेस कुणाला जमत नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

यंदा जत्रेतल्या चित्रस्पर्धेसाठी मला खडक हवा होता. सासूबाई मागे लागल्या म्हणून सासरे, म्हणजे क्लेमबाबा, मला त्यांच्या खडकावर घेऊन गेले. तीस वर्षं ते तिथे एकटेच स्नॅपर मासे धरतायत. सख्ख्या भावालाही जागा ठाऊक नाही.

"जावईबापू, जागा फुटली तर ख्रिसमसला आमच्याकडे जेवायला यायचं नाही."

"बाबा, मला मासे नकोत. मला मूड हवाय."

तीन दिवस राबलो. ओला खडक जांभळट तपकिरी, त्यावर नारिंगी दगडफुलाचे डाग, आणि फेस सुरीने जाड लिंपलेला. चित्राला नाव दिलं 'एकांत'.

जत्रेच्या हॉलमध्ये त्याच्यासमोर ही गर्दी! बेकरीवाला बार्ट तर नाक टेकवून उभा.

"या दोन भेगा बघ," तो बायकोला म्हणाला. "उजवीकडे दीपगृह. ओली रेघ हातभर वर, म्हणजे अर्ध्या ओहोटीला उतरता येईल."

इतका रसिक माणूस आणि आजवर नुसते पाव भाजत बसला! मला भरून आलं.

"हा गडद हिरवा मुद्दाम घेतलाय," मी म्हणालो. "पाणी तिथे एकदम खोल आहे ना."

"किती?"

"चार पुरुष तरी."

बार्टने लिहून घेतलं.

रविवारी बाबांच्या खडकावर चौदा माणसं गळ टाकून बसली होती. एकाने घडीची खुर्चीही आणली होती.

"मी एक शब्द बोललो नाही, बाबा. नुसतं रंगवलं."

"मग आता दुसरं रंगव," बाबा दात ओठ खात म्हणाले. "पलीकडच्या टोकाचा खडक. तिथे औषधालाही मासा नाही. निस्तर हे, नाहीतर ख्रिसमस विसर."

रंगवलं. हिरवा रंग तर अख्खी ट्यूब पिळून भरला. चित्र बार्टच्या बेकरीत टांगलं, आणि पुढच्या रविवारी चौदाच्या चौदा जण खुर्चीसकट तिकडे गेले.

संध्याकाळी बार्ट हातभर लांबीचा स्नॅपर घेऊन परतला. बाकीच्यांचे त्याहून मोठे. इकडे जुन्या खडकावर बाबांच्या गळाला दिवसभरात शेवाळ लागलं.

हल्ली बाबा तिकडेच जातात. पंधरावा नंबर असतो त्यांचा.

जुन्या खडकावर आता कुणी फिरकत नाही. ख्रिसमसला दुपारी मी तिथेच बसलो होतो, चीज सँडविच घेऊन. स्पर्धेत परीक्षकांनी शेरा मारला होता, 'तंत्र बरं, पण एकांत जाणवत नाही.' त्या दिवशी मला चांगलाच जाणवला.