दुखण्याचा शब्द

सुखदेवभाऊंशी तुमची पहिल्यांदा गाठ पडली, तर ते तुम्हाला नावगाव विचारणार नाहीत. आपला मोबाइल तुमच्या हातात देतील आणि म्हणतील, "समजा, तुमची शिलाई मशीन मधातच टाके सोडून राह्यली. मोबाइलवर शोधाले तुम्ही काय लिहिसान? बोलू नका. लिहून दाखवा."

माणूस गोंधळतो. आपल्या घरी मशीन नाही, असं सांगून पाहतो. भाऊ "समजा ना बाप्पा" म्हणत वाट अडवून उभेच. मागच्या उन्हाळ्यात एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाला पंगतीतच गाठलं. मामा मेहकरला साहेब, उजवा हात वरणभातात. त्यांनी सुटकेसाठी डाव्या हाताने 'सिलाइ मशिन टाका सोडती' असं कसंबसं लिहिलं, तेव्हा भाऊंच्या तोंडावर जो आनंद पसरला तो नवरदेवाच्याही तोंडावर नव्हता. "पाह्यलं? शिकेल माणूस हाय, तरी 'सोडती' लिहिते," असं ते मला तिथल्या तिथे सांगत आले.

सुखदेवभाऊ डोणगावात शिलाई मशीन दुरुस्त करतात. मीही करतो. दुकानं समोरासमोर, मधे रस्ता. तेव्हा हे सगळं मी प्रेमापोटी लिहितोय, असा कोणी गैरसमज करून घेऊ नये. मला त्यांचा हेवा वाटतो. लपवण्यात अर्थ नाही, कारण बायकोने ते आधीच अख्ख्या गल्लीला सांगून ठेवलं आहे.

खरं तर दुकानाचे व्हिडिओ काढून चॅनलवर टाकायची अक्कल गावात पहिल्यांदा मला सुचली. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, म्हणून गावाने नाव पाडलं गुरुजी. पहिल्या व्हिडिओला नाव दिलं, 'शिवणयंत्राची निगा व दुरुस्ती : भाग पहिला'. उजेड चांगला, आवाज स्वच्छ, एक शब्द अशुद्ध नाही. तो अकरा वेळा पाहिला गेला, त्यात सात वेळा मीच होतो. दुसऱ्या भागाला तर मीही कंटाळलो.

तेवढ्यात भाऊ समोरून आले. "गुरुजी, मलेही शिकवा ना हे." मी शिकवलं. तेव्हा मी मोठ्या मनाचा होतो, कारण अजून हरलो नव्हतो.

त्यांचा पहिला व्हिडिओ मी आजही डोळ्यांपुढे आणू शकतो, आणता न आला तर बरं होईल. मोबाइल तिरपा, अर्ध्या चित्रावर त्यांचा अंगठा, मागे कुणाची तरी शेळी ओरडतेय. वर नाव, 'मशीन टाका काऊन सोडते'. मी म्हटलं, "भाऊ, 'काऊन' नका लिहू, 'का' लिहा. पुण्याकडचे लोक हसतील." ते म्हणाले, "हसाले तरी येतीन ना?" आले. हसले. एकाने खाली विचारलं, ही कोणती भाषा? भाऊंनी उत्तर टाकलं, 'मशीनची'. आणि मग जे लोक यायला लागले ते थांबेचनात. जानेफळच्या, दुसरबीडच्या बायका रिक्षात मशीन घालून येऊ लागल्या.

मी एकदा जीव घट्ट करून त्यांना यातलं गमक विचारलं. हातचं राखणारा माणूस नाही तो, हे त्यांचं आणखी एक वाईट. म्हणाले, "गुरुजी, पुर्ज्याचं नाव दुकानदाराले माहीत असते. बाईले दुखणं माहीत असते. बाई दुखणंच लिहिते. आपण तिचा शब्द लिहाचा, आपला नाही." आणि वर, "आन् शिवणयंत्र कोणाच्या घरी हाय? मले एक घर दाखवा."

माझ्या स्वतःच्या घरीसुद्धा मशीनच आहे.

त्यांच्या दुकानाची आतली भिंत म्हणजे या दुखण्यांची वहीच. शिंप्याच्या खडूने तिच्यावर ओळीवर ओळ लिहिलेली. 'खालून गुच्छा येते', 'खालून जाळं होते', 'दोरा खाते', 'सुई मोडते', 'जड चालते'. कोणता शब्द कोणत्या गावचा, तेही पुढे लिहिलेलं. 'मशीन' हा एक शब्द लोक किती तऱ्हांनी लिहितात याची निराळी रांग. त्यात ज्या चुका मी शाळेत असताना छड्या खाऊन सोडल्या, त्या सगळ्या मानाने बसलेल्या. दिवाळीला दुकानाला चुना दिला तेव्हा तेवढी भिंत सोडून दिला. हे सगळे शब्द ते प्रत्येक व्हिडिओमागच्या, पाहणाऱ्याला न दिसणाऱ्या रकान्यात भरायचे, म्हणजे कुणी कसंही लिहिलं तरी वाट त्यांच्याच दारी.

एक दिवस एक बाई मशीन घेऊन माझ्या ओट्यावर टेकली. माझा जीव सुपाएवढा झाला. मी पाणी दिलं, पंखा लावला, मशीनवरची धूळ पुसली. तिने पाणी प्यायलं, दम खाल्ला आणि म्हणाली, "भाऊ, जराकसा हात लावा. समोर सुखदेवभाऊकडं न्याची हाय." मी हात लावला. त्यांच्या दारापर्यंत नेऊन ठेवली.

मग मी चोरी केली.

भाऊंच्या मोबाइलमधली जागा संपली होती. "गुरुजी, जराक साफ करून द्या," म्हणून ते तो माझ्याकडे ठेवून चहाला गेले. मी साफ केला आणि त्यांनी व्हिडिओमागे भरलेले सगळे शब्द माझ्या मोबाइलवर उतरवून घेतले. बहुतेक भिंतीवरचेच होते. पण शेवटचा भिंतीवर नव्हता. 'मशीन रुसली'. जुन्यात जुन्या व्हिडिओपासून कालच्यापर्यंत, प्रत्येकामागे सगळ्यात शेवटी तोच. मी ताडलं, हीच गुरुकिल्ली. सगळं सांगितलं, एवढं मात्र दाबून ठेवलं.

मी ताबडतोब व्हिडिओ केला. नाव दिलं, 'शिवणयंत्र रुसले असता करावयाचे उपाय'. चिटपाखरू फिरकलं नाही. शेवटी मन मारून, दात-ओठ खात लिहिलं, 'मशीन रुसली'.

चौथ्या दिवशी खाली एका बाईने लिहिलं होतं, 'दादा, मशीन रुसली असं आमची आई म्हणे. दुसऱ्या कोणाच्या तोंडून आईकलं नव्हतं. माही बी रुसली. चाकच फिरत नाही. तुम्ही कोणत्या गावचे?' नाव होतं शोभा.

मी ते बायकोला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचताना मात्र 'आमची आई' या शब्दांशी अडलो. हा शब्द धंद्यातला नव्हता. एका घरातला होता, आणि ते घर माझं नव्हतं.

दोन दिवस मी रस्ता ओलांडला नाही. भाऊंना सांगायचं तर चोरी कबूल करावी लागणार. आणि खरं सांगू? एवढं एक गिऱ्हाईक माझ्या व्हिडिओवर आलं होतं, तेही त्यांचंच निघावं, हे मला सोसत नव्हतं. पण चाक अडकलेल्या मशीनपुढे ती बाई उत्तराची वाट पाहत असेल, आणि भाऊंच्या माणसाला परस्पर उत्तर देणं बरं नाही, हे काही डोक्यातून जाईना. तिसऱ्या दिवशी दुपारी रस्ता ओलांडला आणि मोबाइल त्यांच्यापुढे धरला. "भाऊ, तुमचे शब्द मी चोरले. त्यावर हे आलंय."

त्यांनी चोरीचं काही विचारलंच नाही. वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. "नाव शोभाच हाय ना?" म्हणाले. मग हातातली मशीन तशीच उघडी टाकून माझ्यामागे आले आणि माझ्या दुकानात स्टुलावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"माही लहान बहीण," ते म्हणाले. "आई दुसरबीडले लोकायचे ब्लाउज शिवे. शेवटच्या दुखण्यात म्हणे, मशीन शोभीले देजो. मी तवा नवं दुकान टाकलं होतं. पुर्जे भेटत नव्हते. मले वाटलं, जुनी तं हाय. खोलली. एक-एक पुर्जा दुसऱ्यायच्या मशीनीत बसवला. शोभी न्याले आली, तं नुस्ते लोखंडी पाय उरेल होते. आल्या पावली फिरली. चहाबी नाही पेली. तवापासून आली नाही."

"फोन का नाही केला?"

"केला ना. उचलते, आवाज आईकते, ठेवून देते. माह्यं नाव दिसलं का व्हिडिओबी पुढं सरकवत असंन. पण म्हटलं, तिची मशीन कवा ना कवा तं बिघडंन. तवा ती आईचाच शब्द लिहीन. म्हणून टाकत गेलो." सगळा तालुका ज्याला शोधत येत होता, तो माणूस इतकी वर्षं एका बाईला सापडायची खटपट करत होता.

"तिले उत्तर द्या गुरुजी," ते म्हणाले. "तुमच्याच नावानं द्या. पहिले तिची मशीन चालू होऊ द्या."

ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. सुईखालचं शटल काढा. आत दोऱ्याचा तुकडा अडकला असेल, चिमट्याने ओढा. तेलाचे दोन थेंब सोडा. चाक आपल्याकडे फिरवा, उलटं नको. तिने विचारलं होतं म्हणून शेवटी मी गावही लिहिलं, डोणगाव. दहा मिनिटं गेली, वीस गेली. मग उत्तर आलं, 'चालू झाली दादा. लय चांगलं सांगता. डोणगाव आमच्या माहेराकडंच हाय. जाणं बंद झालं, नाहीतं मशीन तुमच्याकडंच आणली असती.'

असं कुणीतरी म्हणावं म्हणून मी काय काय केलं होतं. आणि आता ते वाचून मान खाली गेली.

भाऊ ओळीवरून बोट फिरवत राहिले. "गुरुजी, इथं 'बंद झालं' लिहेल हाय ना? 'बंद केलं' नाही ना?"

"झालं लिहिलंय."

"नीट पाहा बरं."

"झालंच आहे भाऊ."

त्यांचं बोट त्या एका शब्दावर येऊन थांबलं. मग म्हणाले, "मंग लिहा. मशीन घेऊन ये म्हणा. सुखदेव इथंच बसेल हाय म्हणा."

मी लिहिलं, पाठवलं आणि मोबाइल आमच्या दोघांच्या मधे ठेवला. समोर त्यांच्या दुकानापुढे दोन-तीन बायका खोळंबल्या होत्या. हाका मारून झाल्या, भाऊंनी मान वर केली नाही. शेवटी त्यातली एक आपली मशीन उचलून रस्ता ओलांडून माझ्या ओट्याशी आली. "ते नाही उठून राह्यले, तं तुम्हीच पाहून द्या ना भाऊ."

त्यांच्या दारातून माझ्याकडे आलेली ती पहिली बाई.

"थांबा मावशी थोडं," मी म्हणालो. "त्यायच्या घरचं काम चालू हाय."